घरातल्या लागवडीच्या कपाटासाठी शांत कॉम्प्युटर फॅन: निवड, जोडणी आणि नेहमीचे घोटाळे

जुनं कपाट किंवा प्लायचा खोका, आत एलईडी दिवे, ट्रेमध्ये मेथी-मोहरीचे मायक्रोग्रीन्स, कोथिंबीर, लेट्यूस, नाहीतर बाल्कनीत जाण्याआधीची मिरची-टोमॅटोची रोपं. एवढी लागवड फ्लॅटमध्येही आरामात होते. मात्र दार बंद केलं की आत उकडायला लागतं आणि कोवळी रोपं बुडाशी कुजून कोलमडतात. दोन्हींसाठी हवा खेळती हवी, आणि त्या कामाला कॉम्प्युटरचा १२ व्होल्टचा फॅन चांगला. वीज नगण्य खातो, मापं ठरलेली असतात, बिघडला तर तसाच दुसरा मिळतो.

आवाजाचं गणित मात्र बहुतेकांचं चुकतं. सगळ्यात महाग ‘सायलेंट’ फॅन आणायचा आणि कपाटाला हवा आत यायला बोटभर फट ठेवायची, असं केलं तर तो महागडा फॅनही घरघरतो. साधाच, पण मोठा फॅन हळू चालवला आणि हवेची वाट मोकळी ठेवली, तर तो बेडरूममध्येही खपून जातो.

हा लेख साधारण १५० वॉटपर्यंत दिवे असलेल्या कपाटासाठी आहे. त्याहून मोठा तंबू असेल किंवा वासासाठी कार्बन फिल्टर बसवायचा असेल, तर कॉम्प्युटर फॅनचा नाद सोडा. कार्बनच्या थरातून हवा ओढण्याएवढा दाब त्याच्याकडे नसतो. तिथे हवेच्या नळीत बसणारा डक्टचा इनलाइन फॅनच लागतो.

काय काय लागेल

- १२० किंवा १४० मिमीचे दोन फॅन, शक्यतो ४ पिनचे (पीडब्ल्यूएम, म्हणजे चौथ्या पिनेवरच्या इशाऱ्याने वेग ठरतो असे)
- १२ व्होल्ट डीसी अडॅप्टर, १ ते २ अँपिअर
- ५.५ × २.१ मिमी पिनचं, स्क्रू असलेलं डीसी कनेक्टर
- ४ पिन फॅनसाठी नॉबवाला पीडब्ल्यूएम कंट्रोलर
- रबरी किंवा सिलिकॉनच्या फॅन पिना, फोमची पट्टी
- तारेची गोल जाळी, डासांची जाळी
- होल सॉ किंवा जिगसॉ (नसेल तर प्लायवर वर्तुळं आखून सुताराकडून कापून घ्या)
- दोन डिजिटल तापमान-आर्द्रता मीटर
- उदबत्ती (चाचणीसाठी)

१. आधी उष्णतेचा हिशेब करा

‘दर मिनिटाला कपाटातली सगळी हवा एकदा बदलली पाहिजे’ असा एक नियम सर्रास सांगितला जातो. छोट्या कपाटाला तो निरुपयोगी आहे. ६० × ४५ × ९० सेंमीचं कपाट घ्या. आतली जागा साधारण पाव घनमीटर, म्हणजे या नियमाने ताशी १५ घनमीटर हवा पुरायला हवी. पण आत ६० वॉटचे दिवे असतील तर एवढ्या हवेत कपाट खोलीपेक्षा १२ अंशांनी तापेल.

त्यामुळे हिशेब दिव्यांच्या वॉटवरून करायचा:

ताशी लागणारी हवा (घनमीटर) = ३ × वॉट ÷ किती अंश वाढ चालेल

६० वॉट आणि ३ अंश वाढ धरली तर ३ × ६० ÷ ३ = ताशी ६० घनमीटर. फॅनच्या खोक्यावर बहुधा सीएफएम (दर मिनिटाला किती घनफूट हवा) लिहिलेलं असतं. १ सीएफएम म्हणजे ताशी १.७ घनमीटर. आपली गरज झाली सुमारे ३५ सीएफएम. दिव्यांचे वॉट म्हणजे प्रत्यक्ष ओढली जाणारी वीज. ‘१००० वॉट’ असं नाव असलेली स्वस्त एलईडी पॅनेल भिंतीतून त्याहून कितीतरी कमी वीज ओढतात, म्हणून नावावर जाऊ नका, लेबलवरची प्रत्यक्ष वीज पाहा. दिव्याचा ड्रायव्हर (त्याला वीज पुरवणारा डबा) कपाटाबाहेर ठेवता आला तर तेवढी उष्णता आपोआप वजा होते.

काही उष्णता पानांतून बाष्प होताना खर्च होते, त्यामुळे प्रत्यक्ष वाढ या हिशेबापेक्षा थोडी कमीच निघते. ती सवलत हिशेबात धरू नका.

आणखी एक गोष्ट आधीच मान्य करा: फॅन कपाटाला खोलीपेक्षा थंड करू शकत नाही. मे महिन्यात खोलीच ३६ अंशांवर असेल तर आत ३८ ते ३९ होणारच, आणि त्या तापमानात लेट्यूस कडू होतो, तुरा काढतो. त्यावर मोठा फॅन हा उपाय नाही. दिवे रात्री लावा आणि दिवसा विझवा. रोपांना १४ ते १६ तास उजेड मिळाल्याशी मतलब, तो कधी मिळाला याच्याशी नाही. अर्थात मग फॅनचा सगळा भार नेमका झोपेच्या वेळी येतो. आवाजाची काळजी करायची ती याचसाठी.

२. मोठा फॅन घ्या आणि हळू चालवा

फॅनचे फेरे निम्मे केले की हवा निम्मी होते, पण आवाज साधारण १५ डेसिबलने उतरतो. एकाऐवजी दोन सारखे फॅन लावले तर आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो. म्हणजे एक फॅन पूर्ण वेगाने पळवण्यापेक्षा दोन फॅन निम्म्या वेगाने चालवले तर मोकळ्या वाटेने हवा तेवढीच मिळते आणि आवाज १२ डेसिबलने कमी होतो. १० डेसिबलचा फरक कानाला जवळपास निम्मा आवाज वाटतो, यावरून काय फायदा आहे ते बघा.

आपल्या ३५ सीएफएमसाठी खोक्यावर ३५ लिहिलेला फॅन पुरत नाही. तो आकडा पूर्ण मोकळ्या हवेतला असतो. जाळी, भोक, वळण यांतून प्रत्यक्ष निम्मी ते साठ टक्के हवाच मिळेल असं धरा. म्हणजे एकूण ६५ ते ७० सीएफएम क्षमता हवी. मिनिटाला १८०० फेऱ्यांना सुमारे ५५ सीएफएम देणारे १२० मिमीचे दोन फॅन ११०० ते १२०० फेऱ्यांवर ठेवले की काम भागतं. १४० मिमीचे असतील तर ७०० ते ८०० फेऱ्यांतही भागतं आणि जवळपास ऐकूच येत नाहीत.

८० आणि ९२ मिमीचे फॅन ‘कपाट छोटं आहे ना’ म्हणून घेतले जातात. घेऊ नका. तेवढ्याच हवेसाठी त्यांना फार जोरात फिरावं लागतं आणि त्यांचा आवाज बारीक, टोचणारा असतो. २०० मिमीचे फॅन शांत असतात खरे, पण त्यांचा दाब इतका कमी असतो की जाळी लावली की दमतात.

एकामागे एक असे दोन फॅन चिकटवणं हा आणखी एक आवडता प्रयोग. त्याने दाब थोडा वाढतो, हवा फारशी वाढत नाही आणि मधल्या खळबळीचा आवाज मात्र भरपूर येतो. फॅन शेजारी-शेजारी लावा.

३. खोक्यावरचे आकडे कसे वाचायचे

सीएफएमच्या जोडीला ‘स्टॅटिक प्रेशर’ हा आकडा मिलिमीटर पाण्यात दिलेला असतो. अडथळ्यातून हवा ढकलण्याची ती ताकद. कपाटाला जाळी असते, वाट वळणाची असते, म्हणून फक्त जास्त सीएफएमच्या मागे न लागता १.५ मिमीच्या वरचा फॅन निवडा. नॉक्टुआचा एनएफ-पी१२ रिडक्स किंवा आर्क्टिकचा पी१२ हे या जातीचे; रुंद पाती, पात्यांमध्ये फट कमी. नॉक्टुआचाच एनएफ-एस१२ए मोकळ्या हवेत भरपूर वारा देतो, पण जाळीमागे त्याचा जोर कमी पडतो.

वेग निम्मा केला की हा दाब चौथाईवर येतो, हे ध्यानात असू द्या. हळू फॅनचा सगळा खेळ हवेची वाट मोकळी असण्यावर का अवलंबून असतो, ते इथे कळतं.

डेसिबलचा आकडा दोन वेगळ्या कंपन्यांमध्ये ताडून पाहू नका. मोजण्याच्या पद्धती वेगळ्या, आणि माप मोकळ्या हवेत, काहीही न लावता घेतलेलं. एकाच कंपनीच्या दोन मॉडेलमध्ये तुलना करायला तो ठीक आहे.

४. बेअरिंग आणि दमट हवा

फॅन उभ्या भिंतीवर बसणार असेल तर साधं स्लीव्ह बेअरिंगही (आस नुसत्या नळीत फिरतो ते) बराच काळ चालतं. छतावर आडवा, म्हणजे आकाशाकडे तोंड करून बसवला तर स्लीव्ह बेअरिंग लवकर खडखडू लागतं. वंगण सुकतं, आणि उष्णतेत आणखी लवकर. आडव्या बैठकीसाठी फ्लुइड डायनॅमिक (आस तेलाच्या थरावर फिरतो ते) किंवा बॉल बेअरिंग घ्या. बॉल बेअरिंग टिकतं चांगलं, पण हळू वेगात त्याची बारीक किरकिर जाणवते. झोपायच्या खोलीसाठी फ्लुइड डायनॅमिकच बरं.

साधे कॉम्प्युटर फॅन पाणी गृहीत धरून बनवलेले नसतात. दमट हवा ते सोसतात, पाण्याचे थेंब नाही. फवाऱ्याच्या टप्प्यात फॅन नको. धुकं सोडणारं यंत्र आत असेल, तर आयपी६७ दर्जाचा (धूळ-पाणी आत न जाणारा) औद्योगिक फॅन मिळतो, पण तो बहुधा वेगवान असतो आणि हळू करूनच वापरावा लागतो.

कपाटात धिंगरी अळिंबी लावणाऱ्यांसाठी एक वेगळी सूचना. हवा कमी पडली की कार्बन डायऑक्साइड साठतो, देठ लांबतात आणि छत्र्या छोट्या राहतात. त्यामुळे तिथे हवा लागतेच. पण पिकलेल्या धिंगरीचे बीजाणू फॅनवर पांढरा थर चढवतात आणि श्वासालाही त्रास देतात. बाहेर जाणारी हवा खिडकीबाहेर सोडा, खोलीत नाही.

५. बाजारात काय टाळायचं

मुंबईचा लॅमिंग्टन रोड असो की पुण्याची तपकीर गल्ली, ‘चार इंची फॅन द्या’ म्हटलं की तीन निरनिराळ्या वस्तू समोर येऊ शकतात.

पहिली, २३० व्होल्टचा पॅनेल फॅन. दिसायला तसाच, धातूची चौकट, जाडी ३८ मिमी. इलेक्ट्रिकल पॅनेल थंड ठेवायला बनवलेला. वेग एकच, तो कमी करता येत नाही, आणि आवाज घरात सहन होण्यासारखा नाही. शिवाय ओलाव्याजवळ २३० व्होल्ट नेणं आलं.

दुसरी, भंगारातला सर्व्हर फॅन. हासुद्धा ३८ मिमी जाड. लेबलवर १ अँपिअरच्या आसपास किंवा जास्त दिसलं की परत ठेवा. शांत १२० मिमी फॅन ०.१ ते ०.२ अँपिअरमध्ये चालतो. काही सर्व्हर फॅन २४ किंवा ४८ व्होल्टचे असतात, तेही लेबलवरच कळतं.

तिसरी, रंगीत दिव्यांचा संच, ज्याला सहा पिनांचं खास कनेक्टर असतं. तो फक्त त्याच्याच हबवर चालतो. आणि रात्री कपाटात रंगीत उजेड कशाला हवाय?

६. जोडणी आणि वेग

पिनांचा क्रम ठरलेला असतो: पहिली निगेटिव्ह, दुसरी १२ व्होल्ट, तिसरी फेरे मोजणारी, चौथी वेग ठरवणारी. वायरचे रंग कंपनीनुसार बदलतात, कधी चारही काळ्याच असतात. म्हणून रंग नाही, पिनेची जागा पाहा. चौथी पिन मोकळी ठेवली तर फॅन पूर्ण वेगाने फिरतो.

घरात जुन्या राउटरचा अडॅप्टर पडलेला असतोच. लेबलवर १२ व्होल्ट डीसी आणि मधली पिन पॉझिटिव्ह असल्याची खूण बघून घ्या. काही ९ व्होल्टचे असतात. ०.१५ अँपिअरचे दोन फॅन म्हणजे ०.३, सुरू होताना ते थोडी जास्त वीज ओढतात, म्हणून ०.५ अँपिअरचा अडॅप्टर काठावर चालेल, १ अँपिअरचा निर्धास्त. फॅन समांतर जोडा. एकापाठोपाठ जोडले तर दोघांत व्होल्टेज वाटलं जातं आणि एखादा सुरूच होत नाही.

वेग कमी करायला ४ पिनच्या फॅनला नॉबवाला पीडब्ल्यूएम कंट्रोलर लावा. ३ पिनचा फॅन असेल तर एलएम२५९६चा बक मॉड्यूल (व्होल्टेज उतरवणारा छोटा सर्किट बोर्ड) घेऊन व्होल्टेज ७ ते ८ वर आणा. डीसी मोटरसाठीचा स्वस्त स्पीड कंट्रोलर घेऊ नका. तो १२ व्होल्टचा पुरवठाच झपाट्याने चालू-बंद करतो, आणि फॅन टिकटिकतो किंवा शिट्टी वाजवतो. लोक फॅनला दोष देऊन दुसरा आणतात, तोही तसाच वाजतो. भिंतीवरचा सीलिंग फॅनचा रेग्युलेटर अडॅप्टरच्या आधी लावणं तर पूर्ण चूक.

यूएसबीच्या ५ व्होल्टवर १२ व्होल्टचा फॅन कधी फिरतो, कधी नुसता थरथरतो. हाताने ढकलल्यावर फिरला तर फसू नका; वीज जाऊन आली की तो बंदच राहील आणि तुम्हाला कळणारही नाही.

अडॅप्टर आणि सगळे जोड कपाटाबाहेर, ट्रेपेक्षा वरच्या उंचीवर ठेवा. आत जाणाऱ्या वायरला बाहेरच खाली झोळ द्या, म्हणजे पाणी ओघळलं तरी जोडापर्यंत न जाता झोळातून ठिबकेल.

७. भोक आणि बैठक

हवा बाहेर फेकणारे फॅन वर, आत येणारी वाट खाली, समोरच्या बाजूला. फॅनच्या चौकटीवर बाणाची खूण असते; नसली तर ज्या बाजूला मोटर धरणाऱ्या दांड्या आणि स्टिकर, त्या बाजूने हवा बाहेर पडते.

१२० मिमी फॅनसाठी भोक ११५ मिमी व्यासाचं, स्क्रूंमधलं अंतर १०५ मिमी. १४० मिमी फॅनचं स्क्रूंचं अंतर १२४.५ मिमी. भोक लहान कापून फॅनच्या पात्यांची टोकं झाकली गेली तर हवा कमी आणि आवाज जास्त.

आता सगळ्यात दुर्लक्षित भाग: आत येणारी वाट. दोन १२० मिमी फॅनची मोकळी जागा मिळून साधारण १८० चौरस सेंमी भरते. खालची वाट त्याच्या किमान दुप्पट ठेवा, म्हणजे ६० सेंमी रुंद दारात खाली ६ सेंमीची सलग फट. डास-माश्या आत येऊ नयेत म्हणून जाळी लावणार असाल तर फट आणखी दीडपट करा, कारण जाळीच्या धाग्यांनी जागा अडते. जाळी फॅनच्या तोंडावर ताणू नका. खालच्या मोठ्या फटीवर लावली की तेवढ्याच किडी अडतात आणि हवेचा वेग कमी असल्यामुळे आवाजही होत नाही. वरच्या फॅनला बोटं वाचवण्यापुरती तारेची गोल जाळी पुरे. भोकं पाडलेला पत्रा लावला तर शिट्टी वाजते.

प्लायला फॅन थेट स्क्रूने आवळला तर अख्खं कपाट तबल्यासारखं घुमतं. रबरी पिनांवर टांगा, चौकटीखाली फोमची पट्टी द्या, आणि फॅनची कुठलीही कड लाकडाला घट्ट टेकू देऊ नका. कपाटाची पाठ भिंतीला चिकटली असेल तर मागे चार बोटं जागा सोडा, नाहीतर बाहेर फेकलेली गरम हवा परत आत येते.

बाहेर फेकणाऱ्या फॅनशिवाय आत एखादा छोटा फॅन हवा ढवळायला लावावा. पानं जेमतेम हलली पाहिजेत. रोपं वाकतील एवढा झोत नको. लेट्यूसच्या आतल्या कोवळ्या पानांच्या कडा करपतात, त्यात पानांभोवती हवा न फिरणं हे एक मोठं कारण असतं.

८. चाचणी

दार बंद करून, फॅन चालू ठेवून पेटलेली उदबत्ती खालच्या फटीजवळ धरा. धूर सरळ आत ओढला गेला पाहिजे. मग दाराच्या कडांवरून फिरवा. तिथे धूर जोरात ओढला जात असेल तर खालची वाट अपुरी आहे.

एक मीटर पानांच्या उंचीवर, दिव्याचा थेट उजेड पडणार नाही असा, आणि एक बाहेर खोलीत ठेवा. दिवे लावून दोन तासांनी दोन्हींतला फरक पाहा. ३ अंशांच्या आत असेल तर वेग थोडा उतरवून पुन्हा बघा. मोबाइलवरच्या डेसिबल ॲपचा आकडा खरा मानू नका, आधी-नंतरची तुलना करायला मात्र तो चालतो.

काही फॅन एका ठरावीक वेगाला गुणगुणतात आणि त्याच्या वर-खाली शांत असतात. नॉब हळूहळू फिरवून ती जागा शोधा आणि टाळा. ही चाचणी सीलिंग फॅन बंद करून घ्या. उन्हाळ्यात त्याच्या आवाजात सगळं झाकलं जातं आणि थंडीत तो बंद झाला की अचानक कपाट ऐकू येऊ लागतं.

९. फॅन कधी चालू, कधी बंद

दिव्यांच्या टायमरवरच फॅन लावणं ही सगळ्यात महागात पडणारी काटकसर. दिवे विझले की हवा गार होते आणि तेच बाष्प जास्त आर्द्रता दाखवतं. मातीही बाष्प सोडत असतेच. बुरशी धरते ती याच तासांत. फॅन २४ तास चालू ठेवा. २ वॉटचा फॅन महिनाभर चालला तरी दीड युनिटसुद्धा होत नाही. दिवे बंद असताना एक फॅन पुरतो. दुसऱ्याला डब्ल्यू१२०९सारखा १२ व्होल्टचा तापमान मॉड्यूल लावून ३० अंशांवर सुरू होईल असं करता येतं. त्याच्या रिलेचा खटका रात्री ऐकू येतो, म्हणून तो मॉड्यूल लाकडावर नाही, फोमवर ठेवा.

कोकणात आणि मुंबईत जुलै-ऑगस्टमध्ये खोलीतली हवाच ८५ टक्के दमट असते. फॅन तीच हवा आत आणणार. अशा दिवसांत बी विरळ पेरा, पाणी वरून न देता ट्रेच्या तळातून द्या आणि ढवळणारा फॅन सतत चालू ठेवा.

१०. देखभाल

दर महिन्याला खालची जाळी काढून धुवा. आवाज वाढला की पहिला संशय तिच्यावर घ्या. दर दोन-तीन महिन्यांनी फॅन काढून रंगाच्या मऊ ब्रशने पाती पुसा. ब्लोअरने हवा मारायची असेल तर पाती बोटाने धरून ठेवा, नाहीतर फॅन त्याच्या मर्यादेपलीकडे फिरून बेअरिंग खराब होतं. पात्यांवर एका बाजूला धूळ राहिली तरी तोल जाऊन थरथर येते. पुसूनही घरघर थांबत नसेल आणि पातं हाताने हलवल्यावर आस लटपटत असेल, तर तेलाचा थेंब टाकून दोन-चार आठवडे ढकलता येतात. तेवढ्यात नवा फॅन मागवून ठेवा.